पणजीत गर्दीशुल्काची चाचणी घ्यायची झाली तर

पर्वरीहून रोज कामासाठी पणजीत येणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : सकाळच्या गर्दीच्या वेळी पणजीत गाडी आणणाऱ्यांकडून शुल्क घ्यावे, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. असे शुल्क लागू करण्याआधी त्याची चाचणी घेता येते का? घेतली, तर लोकांनी खरोखर सवय बदलली की नुसते तसे सांगितले, हे कसे ओळखायचे? आणि दुचाक्यांच्या गोव्यात लंडन-सिंगापूरचा अनुभव कितपत लागू पडतो? वाहनमोजणी आणि प्रवास-सर्वेक्षणांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो आणि त्याचे उत्तर जरा विस्ताराने देते.

आधी टोल आणि गर्दीशुल्क यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण आपल्याकडच्या चर्चेत दोन्हींची गल्लत होते. टोल हा रस्त्याचा किंवा पुलाचा खर्च वसूल करण्यासाठी असतो. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना माफी मिळेपर्यंत जो टोल घेतला जाई, तो सकाळी नऊ वाजता जेवढा होता तेवढाच रात्री अकरालाही होता, त्यामुळे कुणाला आपली वेळ बदलण्याचे काही कारण नव्हते. गर्दीशुल्काचा हेतू वेगळा आहे. रस्ता भरलेला असताना त्यावर येणारे प्रत्येक जादा वाहन मागच्या सगळ्यांचा वेळ खाते आणि त्या वेळेची किंमत वाहन आणणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही. ती त्याला मोजायला लावली, तर ज्याची गरज कमी निकडीची आहे तो वेळ, मार्ग किंवा साधन बदलेल, अशी ही कल्पना आहे. विल्यम विक्री यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यापासून चिकाटीने मांडली आणि १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. यावरून चाचणीत काय मोजायचे तेही ठरते : किती पैसे जमले हे नव्हे, तर किती प्रवास बदलले हे. भरपूर वसुली झाली आणि रस्ता तसाच राहिला, तर ते शुल्क फसले असे मानावे लागेल.

आता चाचणीकडे येऊ. 'पन्नास रुपये शुल्क लागले तर तुम्ही काय कराल?' असे लोकांना विचारणे म्हणजे चाचणी नव्हे. अशा प्रश्नाला माणूस आपल्या मतानुसार उत्तर देतो. शुल्काला विरोध असणारा 'काही झाले तरी गाडीच आणणार' असे सांगतो, तर पर्यावरणाची काळजी असणारा 'बसने येईन' असे सांगतो, आणि दोघेही मनापासून बोलत असतात. प्रत्यक्षात रोज सकाळी खिशातून पैसे जाऊ लागले की दोघेही वेगळे वागू शकतात. म्हणून चाचणीत पैसे खरे असलेच पाहिजेत, आणि शुल्क सुरू होण्याआधीची, सुरू असतानाची व बंद झाल्यानंतरची अशी तिन्ही काळांतली वागणूक लोकांच्या सांगण्यावरून नव्हे, तर मोजमापातून समजली पाहिजे.

या दृष्टीने स्टॉकहोमची चाचणी मला आजही सर्वांत शिकवून जाणारी वाटते. तिथे ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींवर वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर आणि दिवसाला जास्तीत जास्त ६० क्रोनर असे शुल्क आकारले गेले. हद्दीवरून होणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. चाचणीची आखणी मात्र त्याहून महत्त्वाची होती. जादा बससेवा शुल्काच्या आधी काही महिने, ऑगस्ट २००५ मध्ये सुरू केली गेली. त्या मधल्या काळात नुसत्या बस वाढल्याने मोटारी फारशा कमी झाल्या नाहीत, त्यामुळे नंतरची घट शुल्कामुळे झाली असे खात्रीने म्हणता आले. बस आणि शुल्क एकाच दिवशी सुरू केले असते, तर श्रेय कशाचे, हा वाद कायमचा राहिला असता. मग ठरल्याप्रमाणे शुल्क बंद झाले आणि वाहतूक पुन्हा वाढली, तरी ती पूर्वीच्या पातळीच्या थोडी खालीच राहिली, म्हणजे काहींची नवी सवय टिकली. सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहरातल्या मतदारांनी निसटत्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. चाचणीपूर्वी तिथेही बहुसंख्य लोक विरोधातच होते. याउलट एडिंबरोने २००५ मध्ये आणि मँचेस्टरने २००८ मध्ये आधी मतदान घेतले आणि दोन्हीकडे प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला.

स्टॉकहोमची आणखी एक गोष्ट आमच्या क्षेत्रातल्या लोकांना विचारात पाडते. वाहने किती घटली ते यंत्रांनी नोंदवले होते, पण 'तुम्ही आपला प्रवास बदलला का?' असे विचारल्यावर इतक्या लोकांनी होकार दिला नाही. याचे कारण असे की आपण समजतो तितका प्रवास एकसारखा नसतो. रोज त्याच वेळी तीच गाडी घेऊन येणारी माणसे असतातच, पण कोणत्याही सकाळी पुलावर दिसणाऱ्या वाहनांतला बराच भाग आठवड्यातून एकदा-दोनदा येणाऱ्यांचा असतो. असा माणूस बँकेचे आणि तहसील कार्यालयाचे काम एकाच फेरीत उरकतो आणि आपण सवय बदलली हे त्याच्या लक्षातही येत नाही.

सिंगापूरचा १९७५ चा अनुभव वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. तिथे जूनमध्ये सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत मध्यवर्ती भागात शिरण्यासाठी दिवसाला तीन डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावणे सक्तीचे झाले. शुल्काच्या वेळेतील मोटारी झपाट्याने घटल्या. पण साडेसातच्या आधी आणि साडेनऊनंतर गर्दी उसळली, म्हणून वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. सकाळी शहराबाहेरून वळसा घालणारे संध्याकाळी शहरातूनच परतत राहिले, त्यामुळे संध्याकाळची कोंडी अपेक्षेइतकी कमी झाली नाही. हद्दीबाहेर मुद्दाम बांधलेली वाहनतळे, जिथे गाडी ठेवून पुढे बसने जायचे होते, ती बव्हंशी रिकामी राहिली. आपल्याकडे गर्दीचा विषय निघाला की शहराच्या वेशीवर बहुमजली पार्किंगचा प्रस्ताव लगेच पुढे येतो, म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटते. घरून गाडीत बसलेला माणूस शेवटच्या दोन किलोमीटरसाठी सहसा उतरत नाही.

आता मोजणीबद्दल. इथली एक चूक इतकी सहज होते की तिच्यावर थोडे थांबते. मांडवी पुलाच्या पणजीकडच्या टोकाला मोजणीदार तक्ता घेऊन बसतो. तक्त्यावर दुचाकी, मोटार, बस, मालवाहू अशा ओळी आणि दर पंधरा मिनिटांचा एक रकाना असतो. वाहन गेले की उभी रेघ, आणि पाचवी रेघ आडवी. रस्ता वाहता असेपर्यंत रकाना भराभर भरतो. पावणेनऊच्या सुमारास पुढे दिवजा सर्कलपाशी वाहने तुंबली की रांग मागे सरकत पुलावर येते. मग त्याच्यासमोरून मोटारी मुंगीच्या पावलाने सरकतात आणि त्यांच्या ओळीतल्या रेघा विरळ होतात. दुचाक्या फटीफटीतून निघत राहिल्याने त्यांची ओळ तेवढी दाट राहते. कागदावर तो रकाना 'मोटारी घटल्या' असे सांगतो, प्रत्यक्षात मात्र ती सकाळची सर्वांत वाईट पंधरा मिनिटे असतात. शुल्क लागल्यावर कोंडी सुटली, तर त्याच जागी मोजलेली वाहने उलट वाढलेली दिसू शकतात. म्हणून एकाच जागेच्या मोजणीवर कधीही निष्कर्ष काढू नये. पर्वरी आणि पाटो अशा दोन टोकांना वाहनांचे क्रमांक टिपून मधला प्रवासवेळ काढावा, रांगेची लांबी नोंदवावी आणि वाहनांबरोबर माणसेही मोजावीत. भरलेली एक बस म्हणजे तक्त्यावर एकच रेघ असते.

पणजीभोवती पहिल्याच दिवशी शुल्काची हद्द आखावी, असे मी सुचवणार नाही. आधी स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या प्रवाशांची छोटी चाचणी घ्यावी. प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या नावाने खाते उघडून त्यात ठरावीक रक्कम जमा करायची, गर्दीच्या वेळी केलेल्या प्रत्येक फेरीचे शुल्क मोबाइलवरील नोंदीनुसार त्यातून वजा करायचे आणि शेवटी उरलेली रक्कम त्या व्यक्तीला द्यायची. अमेरिकेत सिएटल परिसरात सुमारे २७५ कुटुंबांवर अशी चाचणी झाली होती. नेदरलँड्समध्ये २००६ साली झूटरमेर ते हेग या रस्त्यावर गर्दीची वेळ टाळणाऱ्यांना उलट रोज काही युरो बक्षीस दिले गेले. सहभागी लोकांच्या गर्दीच्या वेळच्या फेऱ्या जवळपास निम्म्यावर आल्या, पण बक्षीस थांबताच बहुतेक जण जुन्या वेळेवर परतले. बंगळुरूत २००८-०९ मध्ये इन्फोसिसच्या कर्मचाऱ्यांसाठी स्टॅनफर्डचे बालाजी प्रभाकर यांनी लवकर पोहोचणाऱ्यांना सोडतीत बक्षीस मिळण्याची संधी देणारी योजना चालवली, तेव्हा गर्दीच्या आधी येणाऱ्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली. म्हणजे भारतीय नोकरदार वेळ बदलतच नाही, हा समज खरा नाही.

अशा चाचणीत दोन पथ्ये पाळावी लागतात. शुल्क कोणाला लागेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. जो स्वतःहून 'मी लवकर निघू शकतो' असे सांगतो त्यालाच निवडले, तर निकाल आधीच ठरल्यासारखा होतो. दुसरे म्हणजे तितकेच लोक शुल्काविना, पण त्याच नोंदीखाली ठेवावेत. आपण कधी निघतो याची मोबाइलवर नोंद होते आहे एवढ्यानेच काही जणांचे वागणे बदलते आणि तो परिणाम शुल्काच्या खाती जमा होता कामा नये.

या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. काही शे माणसांनी वेळ बदलल्याने रस्ता मोकळा होत नाही. आणि खऱ्या योजनेत रस्ता मोकळा झाला की आधी कंटाळून दूर राहिलेले लोक पुन्हा येतात, हा परतीचा परिणाम छोट्या चाचणीत दिसतच नाही. बंगळुरूतच अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल क्राइंडलर यांनी मोबाइल अॅपच्या साहाय्याने, निघण्याच्या वेळेनुसार आणि मार्गानुसार शुल्क आकारून प्रयोग केला. त्यांनी चाचणीत दिसलेली वागणूक आणि रस्त्यावरील वेग यांची सांगड घालून संपूर्ण शहराचा हिशेब मांडला. लोक शुल्काला प्रतिसाद देतात, हे त्यातून दिसले. पण वेळ बदलण्याचा त्रास वजा केल्यावर प्रवाशांना होणारा निव्वळ लाभ लहानच राहतो, कारण तिथे वाहने वाढतात तसा विलंब एकदम उसळी घेत नाही, बराचसा सरळ रेषेत वाढत जातो. हा निष्कर्ष गर्दीशुल्काच्या समर्थकांनी, ज्यांत मीही आहे, नीट वाचायला हवा. पणजीत चित्र वेगळे असू शकते, कारण इथली कोंडी रस्ताभर पसरलेली नसून पुलाचे टोक, मेरशीचा जोड आणि पाटो अशा मोजक्या चिंचोळ्या जागी साचते, आणि अशा जागी थोडी वाहने कमी झाली तरी रांग बरीच आखडते. पण हे गृहीत धरून चालणार नाही. वाहनसंख्या आणि विलंब यांचा संबंध आधी मोजूनच घ्यावा लागेल.

दुचाक्यांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. स्टॉकहोम आणि लंडनने दुचाक्या वगळल्या. सिंगापूरनेही सुरुवातीला वगळल्या आणि १९८९ मध्ये त्यांनाही शुल्काखाली आणले. गोव्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या २०११ च्या जनगणनेतील १४.५८ लाख लोकसंख्येहून जास्त आहे आणि त्यांत दुचाक्याच अधिक आहेत. त्या वगळल्या, तर मोटार घरी ठेवून स्कूटर काढणे हा पहिला प्रतिसाद असेल. रस्त्यावरची जागा वाचेल, पण अपघातांचा धोका वाढेल. आपल्याकडे रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत दुचाकीस्वारांचा वाटा आधीच मोठा आहे, आणि कोंडी कमी करण्यासाठी तो वाढू देणे मला मान्य नाही. त्यांना शुल्क लावावे, तर ज्या नोकरदाराकडे स्कूटर हेच परवडणारे एकमेव साधन आहे त्याच्यावर भार पडेल. शिवाय फास्टॅग चारचाकींपुरता असल्याने दुचाक्यांसाठी क्रमांक टिपणारे कॅमेरे हाच मार्ग उरतो. म्हणून चाचणीत तीन गट हवेत : मोटारींवरच शुल्क, मोटारींवर पूर्ण व दुचाक्यांवर कमी शुल्क, आणि शुल्कच नसलेला गट. मोटारवाल्याच्या घरातल्या स्कूटरच्या फेऱ्याही नोंदवल्या पाहिजेत, नाहीतर नेमका हा बदल आपल्या नजरेतून सुटेल.

सकाळी गाडी आणायची की नाही, हे पुष्कळदा संध्याकाळवरून ठरते. सत्तरी किंवा पेडण्याच्या आतल्या गावातून येणाऱ्या माणसाला सकाळी बस मिळते, पण अंधार पडल्यावर ग्रामीण मार्गांवरच्या खासगी बस झपाट्याने विरळ होतात. पणजीतले दुकान किंवा दवाखाना बंद करून निघणाऱ्याला परतीची खात्री नसते, म्हणून तो सकाळीच स्कूटर काढतो. सकाळच्या शुल्काने अशा माणसाचे वागणे बदलणार नाही, फक्त त्याचा खर्च वाढेल. त्यामुळे स्टॉकहोमप्रमाणे इथेही बस आधी यावी, आणि माझ्या मते कदंबच्या, म्हणजे राज्याच्या सरकारी बससेवेच्या, सकाळच्या जादा फेऱ्यांपेक्षा रात्री साडेआठ-नऊच्या परतीच्या फेऱ्या अधिक महत्त्वाच्या आहेत. तीन-चार महिने त्या चालवून, मोजून, मगच शुल्क सुरू करावे. बेतीच्या फेरीबोटीवरचे पायी प्रवासी, मोटारसायकल पायलटांच्या (भाड्याच्या दुचाकीवर प्रवासी नेणाऱ्यांच्या) फेऱ्या आणि पर्वरीत पुलाअलीकडे लावून ठेवलेल्या गाड्या हेही मोजावे, कारण शुल्क टाळणारे आधी याच वाटा शोधतील. मांडवीवरच्या अटल सेतूवरून म्हापसा-मडगाव असा सरळ जाणारा प्रवासी शहरात उतरतच नाही. त्याला कोणत्याही गटात धरू नये.

१९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा सगळे फेरीबोटीवर आले होते, त्यामुळे गोयंकार जुळवून घेतो, असा दाखला काही जण देतात. ती सक्ती होती, दुसरा पर्यायच नव्हता. पैसे देऊन नेहमीसारखे येता येत असताना किती जण येणार नाहीत, हे त्यावरून सांगता येत नाही.

हंगामाचे भान नसेल, तर सारी मेहनत वाया जाईल. पावसाळ्यात दुचाकीस्वारांचा मोठा वर्ग वेगळे वागतो. चवथीच्या आठवड्यात आधी बाजारापायी रस्ते भरतात आणि मग पणजी ओस पडते. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव, डिसेंबरात जुन्या गोव्याचे फेस्त आणि नाताळ, पुढे कार्निव्हल आणि शिमगो असतात. एप्रिलची मोजणी जूनशी ताडून पाहिली, तर आकड्यात पाऊसच दिसेल. यावर उपाय म्हणजे सगळ्यांचे शुल्क एकाच दिवशी सुरू न करता गटागटाने, दर सहा-आठ आठवड्यांनी सुरू करावे आणि पूर्ण वर्ष नोंद ठेवावी. मग कोणत्याही आठवड्यात काही गट शुल्काखाली आणि काही बाहेर असतात, आणि हंगाम दोघांना सारखाच लागू होतो. दरही एकदम सुरू होऊन एकदम बंद होणारा नसावा. सिंगापूरमध्ये दर बदलण्याच्या क्षणाआधी वाहने थांबून राहत किंवा भरधाव सुटत, म्हणून २००३ मध्ये पायरीपायरीने बदलणारे दर आणावे लागले.

खासगीपणाचा मुद्दा नंतर पाहू म्हणून टाकून देण्यासारखा नाही. हाँगकाँगने १९८३ ते १९८५ या काळात सुमारे २,५०० वाहनांवर इलेक्ट्रॉनिक शुल्काची चाचणी घेतली. तंत्र उत्तम चालले, पण सरकारला आपल्या हालचाली कळतील ही भीती आणि एकूण राजकीय विरोध यांमुळे योजना सोडून द्यावी लागली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे. सहभागी व्यक्तीच्या मोबाइलवरच शुल्काचा हिशेब होऊन फक्त रक्कम बाहेर यावी, घरचा पत्ता आणि मार्ग जुळवता येतील अशा नोंदी ठरावीक मुदतीत पुसल्या जाव्यात आणि पोलिसांना त्या मागता येणार नाहीत असे सहभागाच्या करारातच लिहावे. असे आश्वासन नसेल, तर ज्यांना लपवण्यासारखे काही नाही असे वाटते तेवढेच लोक येतील, आणि मग निवड पुन्हा एकतर्फी होईल.

शेवटचा भाग निकालाचा. छोट्या चाचणीतून कोंडी किती सुटेल ते कळणार नाही, पण तुलनेच्या गटापेक्षा शुल्काखालील गटाच्या गर्दीच्या वेळच्या फेऱ्या किती कमी झाल्या, त्यांपैकी किती आधीच्या-नंतरच्या वेळेला, किती बसवर, किती स्कूटरवर गेल्या आणि किती रद्दच झाल्या, हे कळेल. कमी उत्पन्नाच्या घरांतून किती शुल्क वसूल झाले, तेही कळेल. किती टक्के घट दिसल्यास पुढे स्टॉकहोमसारखी मुदतीची हद्द-चाचणी घ्यायची, स्कूटरकडे किती वळण दिसल्यास योजना थांबवायची आणि परतीच्या बसफेऱ्या चाचणीनंतर किमान किती काळ चालू ठेवायच्या, हे तीन आकडे पहिले खाते उघडण्याआधी महापालिका आणि वाहतूक खात्याने लेखी जाहीर करावेत. ते नंतर ठरवले, तर आलेल्या आकड्यांना सोयीचा अर्थ लावला जातो. वाचकांनी पणजीच्या नगरसेवकांकडे किंवा आपल्या आमदाराकडे काही मागायचेच असेल, तर शुल्काच्या दराची चर्चा करण्याआधी ही जाहीर नोंद आणि रात्रीच्या बसचे वेळापत्रक मागावे.